जुनं करायचं पाणी

बोडीतले मासे मी मारले. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. तिला वाटतं, गालिच्यांचं काम मी डोळ्यांपायी सोडलं. डोळे तेव्हा ठणठणीत होते.

मारले म्हणजे जाळं टाकून नाही. एका हौदाचं लाकडी बूच उपसलं, एवढंच. पण त्याचा आळ दुसऱ्या माणसावर आला, आणि आला तेव्हा मी तिथेच बसलेलो होतो. त्याला सोडवायला माझा एक शब्द पुरला असता. तो मी बोललो नाही; बोललो ते भलतंच. आता पन्नाशी ओलांडली आहे. लिहायला बसलोच आहे तर सरळ लिहितो. मात्र गालिच्यांपासून सुरुवात केल्याशिवाय हे कळायचं नाही.

मी मोहाडीच्या विणकर घरातला. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा कमरेपर्यंत जमिनीत, पाय खाली, हात वर धोट्यावर. गालिच्याचा माग उभा असतो, भिंतीसारखा, आणि त्याच्यापुढे बसलं की पलीकडचं काही दिसत नाही. सत्तरच्या दशकात सरकारनं ठिकठिकाणी गालिचे विणायला शिकवणारी केंद्रं काढली होती. मी उत्तरेत जाऊन ते काम शिकून आलो आणि साकोलीच्या बाजूच्या एका गावात मला मास्तरकी मिळाली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

केंद्राला जागा मिळाली होती एका धानगिरणीच्या गोदामात. गिरणी उकड्या तांदळाची, बंद पडत आलेली. मागच्या अंगाला धान भिजवायचे दोन सिमेंटचे हौद, आणि हौदाच्या तळातून निघालेली मोरी रस्त्याखालून थेट गावच्या बोडीत. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, धानाला पाणी देण्यापुरता. गिरणी चालू होती तोवर भिजवणीचं पाणी याच मोरीनं बोडीत जायचं. त्यात कोंडा असायचा, धानाचे कण असायचे. मोरीला पाणी आलं की मासे तिच्या तोंडाशी गोळा व्हायचे. शिकवलेल्या जनावरासारखे.

पुढे योजना संपली. केंद्राचा बोर्ड उतरला, माग तसेच राहिले, शिकलेल्या बायकाही तशाच. मी नागपूरच्या एका व्यापाऱ्याचं काम धरलं. आम्ही त्यांना शेटजी म्हणायचो.

शेटजी एके दिवशी जीपमधून एक गुंडाळी घेऊन उतरले आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं गोदामाच्या फरशीवर उलगडली. नोकराला हात लावू दिला नाही.

तो तुर्की गालिचा होता. अंगणात अंथरायच्या सतरंजीएवढाही नाही. नमाजाला एक माणूस बसेल इतका. मधे लाल मैदान, वर टोकदार कमान, भोवती तीन पट्ट्यांची किनार. एक कोपरा उंदरानं खाल्लेला. लाल रंग अर्ध्यावर येऊन बदललेला होता, खाली विटकरी आणि वर थोडा गुलाबीकडे झुकलेला, जणू विणता विणता दिवस मावळला. आम्हाला शिकवलं होतं की असा रंग बदलला तर माल नापास. शेटजी म्हणाले, "यही तो बात है मास्तर. घरच्या मेंढ्यांची लोकर, घरच्या भांड्यात रंगवलेली. एक भांडं संपलं, दुसरं लावलं. दुसऱ्या भांड्याला तोच रंग कसा येणार? गिऱ्हाईक हेच बघतो."

मग त्यांनी माझा हात धरून गालिच्यावरून फिरवला. लाल आणि निळी लोकर बोटाला उंच लागत होती, आणि दोन रंगांमधली काळी रेघ खोल, नांगराच्या तासासारखी.

"काळा कुठे गेला?" मी विचारलं.

"खाल्ला."

"कुणी?"

"काळ्यानेच. लोखंड घालून केलेला काळा आहे. लोखंड लोकर खातं, हळूहळू. पन्नास-शंभर वर्षं." ते हसले. "आपल्याकडे एवढा वेळ नाही."

शेटजींचं म्हणणं साधं होतं. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांना आणि परदेशी गिऱ्हाइकांना जुना तुर्की माल हवा होता, आणि जुना माल संपत आला होता. नवा विणायचा आणि त्याला जुना करायचा. हे फसवणं आहे का, असं मी विचारलं नाही. मला ते आव्हान वाटलं. खरं सांगायचं तर अभिमान वाटला. माझ्यासारख्या मोहाडीच्या पोरावर एवढ्या लांबच्या मुलखाचं काम सोपवलं होतं.

आधी गाठ शिकावी लागली. आम्ही उत्तरेत शिकलो ती गाठ ताण्याच्या दोन धाग्यांपैकी एकालाच पूर्ण वेढा घालते. तुर्की गाठ दोन्ही धाग्यांना वेढते आणि तिची दोन्ही टोकं मधून एकत्र बाहेर येतात. तुटेल पण सरकणार नाही. मी सुईनं उंदरानं खाल्लेला कोपरा उसवला आणि उलट्या बाजूनं वाचत गेलो. चार दिवस लागले असतील, पाच असतील. बायकांना मात्र ती गाठ एका दुपारी बसली.

सगळ्यांत आधी बसली ती राखणदाराच्या लेकीला. तिच्याबद्दल सांगायला हवं. तिला दिघोरीला दिली होती. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ती बापाकडे परत आली आणि माझ्याकडे मागावर बसू लागली. तिला एक भाऊ होता. तिचा बाप बोडीचा राखणदार. गावातल्या ढीवर घरांची मासेमारीची सोसायटी होती, बोडी त्यांच्या ठेक्यात, आणि राखण याच्याकडे. पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, त्याची झोपडी होती. दुपारी ऊन चढलं की तो गोदामाच्या मागच्या सावलीत यायचा, रांजणातलं पाणी प्यायचा, माझ्याकडून बिडी घ्यायचा.

"मास्तर," एकदा तो म्हणाला, "तुमी जुन्याचं नवं करता का नव्याचं जुनं?"

"नव्याचं जुनं."

"एवढा खटाटोप कायले जी? मले पाहा, मी तं फुकटातच जुना झालो."

बायकाही तशाच थट्टेखोर. नक्शातल्या, म्हणजे विणायच्या आराखड्यातल्या, खुणा मी त्यांना समजावून सांगायचो. शेटजींच्या दुकानात चित्रांचं एक जाड पुस्तक होतं, त्यातून मला जेवढं कळलं होतं तेवढं. तिकडच्या बायका नक्शा कागदावर काढत नसत. आईच्या हाताचं लेकीच्या हातात येई, आणि प्रत्येक खुणेला अर्थ असे. किनारीत एक आकृती होती, दोन्ही हात कमरेवर घेतलेली बाई.

"हे कोण होय जी, कमरेवर हात देऊन?" राखणदाराच्या लेकीनं विचारलं.

"आई. तिकडे तशी खूण असते."

"मंग बराबर हाये. बाप पिऊन आला का माई माय अशीच दारात उभी राहे."

"तुही माय बरी वो," शेजारची म्हणाली, "माई सासू तं झोपली तरी अशीच."

सगळ्या हसल्या. मग मी दुसऱ्या खुणा सांगितल्या. हा विंचू. हे लांडग्याचं उघडं तोंड. तिकडचे लोक मेंढपाळ, तंबूत राहणारे. विंचू विणला की विंचू घरात येत नाही, लांडग्याचं तोंड विणलं की लांडगा कळपाजवळ येत नाही, अशी त्यांची समजूत.

"म्हंजे जे नाही पायजे तेच काढाचं?"

"हो. म्हणजे ते येत नाही."

"अन् आलं तं?"

पुस्तकात तेवढं दिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "हात चालव."

माल जुना करायच्या रीती मी एकेक करून बसवल्या. विणून उतरवलेला तुकडा खळ्यावर अंथरायचा आणि त्यावरून बैल फिरवायचे. विटेनं घासायचा. चहाच्या पाण्यात बुडवून उन्हात टाकायचा. टोकाची झालर दिव्यावर धरायची. एका ठिकाणी ब्लेडनं फाडून पुन्हा वेगळ्या रंगाच्या लोकरीनं रफू करायचं. बायकांना हे शेवटचं काही केल्या पटायचं नाही. "शिवाचंच होतं तं फाडलं काहून?" रफू करताना त्या माझ्याकडे अशा बघायच्या, की याचं डोकं ठिकाणावर आहे ना.

काळा मात्र मी स्वतः करायचो. हिरड्याचं पाणी उकळायचं आणि त्यात गंजलेल्या लोखंडाचं आंबवलेलं पाणी सोडायचं. रंगाच्या हिशेबानं थोडं पुरतं. मी लोखंड वाढवत गेलो. पहिल्या नमुन्यावर वर्षभरातच काळ्या रेघा बसायला लागल्या. नखानं खरवडलं की राखेसारखं काही निघायचं. शेटजी खूश झाले. तो नमुना माझ्या ट्रंकेत आहे. गेल्या वर्षी काढून पाहिला. रेघांच्या जागी आता नुसता ताणा दिसतो, आणि शेजारचा लालही सुटू लागलाय. तेव्हा मला वाटलं होतं की आपल्याला हवं तेवढं खाऊन तो थांबेल.

एका वर्षी मोठं काम आलं. खोलीभर गालिचा. तीन बायका एका मागावर, दिवाळीच्या आधीपासून होळीनंतरपर्यंत. राखणदाराची लेक मधे बसायची. किनारीतले सगळे विंचू तिच्या हातचे. गालिचा सुरेख झाला, आणि तिथेच अडचण होती: तो नवा दिसत होता. रंग कडक. चहानं आणि बैलांनी काही होईना.

असा माल एरवी नागपूरला जायचा. शेटजींचं धुलाईचं आवार होतं, तिथे ब्लीचिंग पावडर आणि कॉस्टिकच्या पाण्यात रंग मारून मऊ करत. त्या वर्षी मे महिन्यात तिथल्या माणसांचं आणि शेटजींचं वाजलं, काम बंद पडलं, आणि इकडे परदेशी गिऱ्हाईक यायचं ठरलेलं. शेटजींनी डबे माझ्याकडेच पाठवले. ड्रायव्हरनं निरोप दिला, "शेट बोले, मास्तर को सब आता है."

डब्यांवर कवटीचं चित्र होतं. मला सगळं येत होतं, हे खरं आहे. शिकताना आम्हाला बजावून सांगितलं होतं की हे पाणी वाहतं सोडायचं नाही. खड्ड्यात जिरवायचं, खड्डा वस्तीपासून आणि पाण्यापासून लांब. हे मला माहीत होतं. ते पाणी काय करतं ते माहीत नव्हतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते खोटं आहे.

बायकांना मी दोन दिवस सुटी दिली. सकाळच्या गाडीनं साकोलीला गेलो, रबरी हातमोजे आणि लांब दांड्याचे ब्रश घेतले. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून हायवेवरून एक ट्रक धरला. ट्रकवाल्यानं मला गिरणीच्या मागच्या वळणावर सोडलं. मे महिन्याची दुपार, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मला परत येताना कुणी पाहिलं नाही. तेव्हा त्याचं काही महत्त्व नव्हतं.

एका हौदात पाणी तयार केलं आणि गालिचा त्यात सोडला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घसा धरला. रंग खरोखरच उतरू लागला. लाल निवत गेला, निळ्यावर धूर धरल्यासारखं झालं, आणि काळ्या रेघा तर डोळ्यांदेखत विरल्या. मी पाहत राहिलो. शंभर वर्षं एका तासात जाताना दिसत होती. मग घाबरलो, कारण ते थांबत नव्हतं. गालिचा ताबडतोब बाहेर काढून साध्या पाण्यात धुवायला हवा होता, आणि पाणी प्यालेली ती लोकर एकट्याच्यानं हलेना.

तेवढ्यात राखणदार रांजणाकडे आला.

"मास्तर, धरू लागू का जी?"

"धर. हाताला फडकं गुंडाळ आधी."

दोघांनी मिळून गालिचा हौदाच्या कठड्यावर ओढून घेतला. तो खोकत होता. "कायचा वास होय हा? इहिरीत टाकून राहिले तेच का?" त्या आठवड्यात गावात जुलाबाची साथ होती आणि पंचायतीनं विहिरींत पावडर टाकली होती. सगळ्या गावालाच तो वास होता.

"तेच," मी म्हटलं.

दुसरा हौद तडकलेला, त्यात पाणी ठरत नव्हतं. धुवायचं तर पहिलाच रिकामा करून विहिरीचं पाणी भरायला हवं. खड्डा खणलेला नव्हता. खणायला दिवस गेला असता, आणि तोवर गालिच्याची चाळण झाली असती. मी वाकून बूच उपसलं.

पाणी घरघरत गेलं. राखणदार ओळखीचा आवाज ऐकल्यासारखा उकिडवा बसला आणि मोरीच्या दिशेनं बघून हसला.

"आता पाहा मास्तर, मासे तोंडाशी येतीन. गिरणी बंद झाली तवापासून उपाशी हायेत बिचारे."

बूच माझ्या हातात होतं. अर्धा हौद अजून भरलेला होता. मी बूच परत लावलं नाही.

त्यानं बिडी घेतली, दोन झुरके मारले आणि पाळीकडे निघून गेला. मी हौद भरला, गालिचा धुतला, उन्हात टाकला, फरशी घासली. डबे गोदामात पोत्यांखाली दडवले. हे मी का केलं, तर मला तेव्हाच सगळं ठाऊक होतं म्हणून.

सकाळी बोडी पांढरी होती. मेमध्ये पाणी गुडघाभर उरलेलं, त्यावर रोहू, कतला, मरळ, सगळे पोट वर करून. रात्रीच्या वाऱ्यानं ते मोरीपासून दूर ढकलत नेऊन पलीकडच्या पाळीला लावले होते, नेमके राखणदाराच्या झोपडीखाली. वर कावळे फिरत होते, पण खाली उतरत नव्हते. बायका काठावर उभ्या होत्या. उन्हाळ्याच्या शेवटी बोडी आटली की सगळं जाळं ओढून घरोघर वाटा व्हायचा. त्या वाट्यावर त्या घरांची पेरणीपर्यंतची चूल चाले. तो वाटा तिथे नासत पडला होता.

आळ राखणदारावर आला त्याला कारण होतं. आमच्याकडे रानातल्या काही झाडांची साल आणि फळं ठेचून पाण्यात टाकतात. मासे गुंगतात, वर येतात, हातानं वेचता येतात. याला बोडी झोपवणं म्हणतात, आणि सोसायटीच्या पाण्यात ते करणं म्हणजे चोरीहून वाईट. मागच्या हिवाळ्यात वाट्यावरून याचं भांडण झालं होतं आणि तो सगळ्यांसमोर बोलला होता, "एक दिवस सारी बोडी झोपवून देईन, मंग पाह्यजा." रागात बोलला होता. त्याच्या या बोलण्यावर पुढे महिनाभर लोक त्याला चिडवत होते, "काय गा, झोपवली का नाही अजून?" आता कुणी चिडवत नव्हतं.

त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली सोसायटीची बैठक झाली. मलाही बोलावलं. शिकलेला माणूस म्हणून गावात अशा वेळी मला बोलावत. मला चटईवर बसवलं. राखणदार समोर जमिनीवर.

अध्यक्ष म्हातारे होते, शांत. त्यांनी विचारलं, "काल दुपारी तू कोठी होतास?"

"मास्तरच्या इथं. गलिचा धरू लागलो त्याइले."

"झोपडीत नव्हतास?"

"नाही जी. मास्तरले इचारा न. इथंच तं बसले हायेत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "काहो मास्तर, होय का जी?"

इथे मला थांबून लिहायला हवं. माझ्यावर कुणी संशय घेतलेला नव्हता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता: कोणता गालिचा, कशात धुतला, पाणी कुठे गेलं? मग डबे निघाले असते. मग शेटजींचं नाव, जुन्या मालाचं गुपित, बंद गोदाम, आणि पोटावर पाय आलेली ही सगळी माणसं माझ्या दारात. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं, असं म्हणणं सोयीचं होईल. तसं नव्हतं. मी ते सकाळपासूनच ठरवून ठेवलं होतं.

"मी काल साकोलीला होतो," मी म्हणालो.

"होय होय," मागून कुणीतरी बोललं, "सकायच्या गाडीनं गेले मास्तर. म्या पाह्यलो न."

राखणदार माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. जरा पुढे सरकून, घरातल्या माणसाला सांगावं तसं हळू म्हणाला, "मास्तर, तुमी विसरले असान. उन्हानं होते असं."

त्यानं मला वाट करून दिली होती. तेवढ्यावरून मी परत येऊ शकलो असतो: अरे हो, विसरलोच. लोक हसले असते.

"नाही," मी म्हणालो. "साकोलीलाच होतो."

मग तो मागे सरकून बसला. वासाचं, मोरीचं, हौदाचं, त्यानं काहीच काढलं नाही. मास्तरनं खोटं पाडल्यावर पुढचं बोललो तर सूड उगवतोय असं दिसेल, हे त्याला कळलं असावं. की त्याला अजूनही वाटत होतं मी बोलेन, कोण जाणे. बैठक उठेपर्यंत त्यानं माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

त्याची राखण काढली. वाटा बंद. सोसायटीतून नाव कमी. कबूल होईपर्यंत त्याच्या घरी कुणी जायचं नाही, त्याला कुणी बोलवायचं नाही. "जे केलं नाही ते कबूल कसं करू?" एवढंच तो म्हणाला, आणि त्याचा हट्ट म्हणूनही लोकांना राग आला.

सुटी संपली तेव्हा त्याची लेक कामावर आली. मला वाटलं होतं येणार नाही. नव्या मागावर ताणा चढवलेला होता. ती बसली, गाठी मारू लागली. दुपारी बाकीच्या जेवायला गेल्या तेव्हा मागाकडे तोंड ठेवूनच तिनं विचारलं, "मास्तर, तुमी खरंच साकोलीले होते का जी?"

"हो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

तिनं ओळ पुरी केली. बाणा टाकला. पंज्यानं, त्या दातेरी लोखंडी फणीनं, ठोकून ओळ नीट बसवली, नेहमीसारखी, टोकापर्यंत. मग पंजा खाली ठेवला आणि निघून गेली. पुन्हा आली नाही. तिचा हिशेब मी दुसऱ्या बाईच्या हाती पाठवला, तो परत आला.

शेटजी गालिचा न्यायला आले. फरशीवर पसरून त्यांनी त्यावरून हात फिरवला, काळ्या रेघेत बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, क्या चीज बनाई है. सौ साल का हो गया." जाताना त्यांनी गोदामाच्या दारात मला मिठी मारली. पाळीवरून राखणदाराची झोपडी तोवर उठली होती.

मी पुढे दोनएक वर्षं ते काम ओढलं. बायका कमी होत गेल्या. रांजणातलं पाणी प्यायलाही कुणी येईना. मग माग विकले आणि मोहाडीला आलो.

ती मला भेटली ते ऐंशीचं दशक सरता सरता, साकोलीच्या बाजारात. सुकटीची टोपली पुढे घेऊन बसली होती. मी ओळखलं आणि पुढे निघून जाणार, तेवढ्यात तिनंच हाक मारली.

"मास्तर, ओळखलं नाही का?"

मी उभा राहिलो. तिनं माझ्या घरचं विचारलं, डोळ्यांचं विचारलं. माझे डोळे गेल्याचं तिच्याही कानावर आलं होतं. मी तिच्या बापाचं विचारलं.

"बाप गेला न जी. दोन वर्सं झाले. नदीवर गळ टाकून पोट भरे शेवटपर्यंत. बोडीत पाय नाही टाकला."

"आणि भाऊ?"

"भाऊ गावातच हाये. सोसायटीत घेत नाही त्याले. म्हणतेत, बापानं कबूल नाही केलं तं आता तू कर. तो कसा करन? त्या टायमाले तो मामाच्या गावी होता." ती सुकट सारखी करत होती. "लोकाच्या बोडीवर मजुरीनं जाळं ओढते. आपल्या बोडीवर नाही."

मी तिथे उभा होतो. बाजार भरलेला, तिच्या शेजारी दोन बायका ऐकत बसलेल्या, तिच्याच समाजाच्या. खरं सांगून टाकायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी तिला म्हणालो, "बरं, येतो." ती म्हणाली, "या जी."

ती अजून त्या बाजाराला येते. भाऊ अजून सोसायटीबाहेर आहे. त्याची मुलं मोठी झाली, त्यांनाही तेच लागू आहे.

हे कागदावर लिहिल्यानं त्यांचं काही भागत नाही. त्या गावात जाऊन, सोसायटीच्या माणसांसमोर आणि त्या बहीणभावांसमोर उभं राहून मला तोंडानं सांगायचं आहे की त्या दुपारी तो माणूस माझ्याजवळ होता, माझ्याच कामाला हात लावत होता, आणि विषाचं पाणी मी सोडलं. एवढं मी त्या घराचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.